डेक्करबाईंचे चार शुक्रवार

व्हर्लिन विअर्स्माच्या पायाला भिंगरी होती, हे न्यू हार्डेनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या भिंगरीला नाव काय द्यायचं, यावरून मात्र गावात तीन तट पडले होते. चर्चमधले वडीलधारे म्हणत, हा हट्ट आहे आणि हट्टाला औषध पट्टा. जवळच्या शहरातले, सू सिटीचे डॉक्टर म्हणत, हा आजार आहे, मेंदूतला बारीकसा बिघाड, आणि त्याला गोळी आहे. तिसरीच्या वर्गाच्या डेक्करबाई म्हणत, हा आठ वर्षांचा मुलगा आहे, बास.

बाईंच्या मताला वजन होतं. एकतीस वर्षं त्या त्याच खोलीत तिसरी शिकवत होत्या. गावातले निम्मेअधिक बाप त्यांच्या हाताखालून गेलेले. व्हर्लिनचा बाप आरेंड त्यांचाच विद्यार्थी, आणि शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष बर्नार्ड कोइमान, ज्याची पेंडीची गिरणी आहे, तोही त्यांचाच. पस्तिशी ओलांडलेले हे बाप्ये अजूनही त्यांच्यासमोर टोपी काढून हातात धरत. 'बाईंनी सांगितलं' म्हटलं की आमच्याकडे वाद मिटायचा.

आता व्हर्लिन म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. वजाबाकीचं पान पुढ्यात ठेवलं की दुसऱ्या गणितावर तो उठायचा. खिडकीपाशी जायचा, तिथून पेन्सिलीला टोक करायला, तिथून मार्शा दे योंगच्या वेणीशी. हाक मारली की धावत जागेवर यायचा, माफी मागायचा, अगदी मनापासून मागायचा, आणि पाच मिनिटांत पुन्हा खिडकीत. सप्टेंबरात त्यानं शाईची दौत सांडली, दोन काचा फोडल्या आणि प्रार्थना चालू असताना शिट्टी वाजवली. शिट्टी मंडळाला झोंबली. ऑक्टोबरात कोइमाननं आरेंडला निरोप धाडला की नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत पोरगा सुधारला नाही तर त्याला या शाळेत ठेवता येणार नाही. शंभर मैलांवर सरकारी निवासी शाळा होती, अशाच मुलांसाठी. तिथे गेलेली मुलं नाताळाला घरी येत, आणि गावातल्या कुणाच्याही तोंडून त्यांच्याविषयी फारसं काही ऐकू येत नसे.

त्याच आठवड्यात व्हर्लिनची आई त्रेना त्याला घेऊन सू सिटीला गेली. परत आली ती चार बाटल्या आणि कागदांचा गठ्ठा घेऊन. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वर्गात आली आणि पोरांच्या बुटक्या बाकावर अवघडून बसली.

"बाई, चार आठवड्यांची परीक्षा आहे," ती म्हणाली. "दोन आठवडे खरी गोळी, दोन आठवडे नुसती साखरेची. दिसायला सारखीच. कुठली कधी ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. एकट्या त्यांच्या औषधवाल्याला ठाऊक."

"म्हणजे आपण सगळ्यांनी आंधळी कोशिंबीर खेळायची."

"तसंच म्हणा. सकाळची गोळी मी देईन. चार तास टिकते म्हणे, म्हणून दुपारची शाळेत द्यायची. दर सोमवारी मी पाच गोळ्या पाकिटात घालून पाठवीन. आणि हा कागद दर शुक्रवारी तुम्ही भरायचा."

कागदावर अठ्ठावीस ओळी होत्या. जागेवर बसत नाही. हातातलं काम अर्धवट टाकतो. दुसऱ्यांना त्रास देतो. असं बरंच. प्रत्येक ओळीपुढे शून्य ते तीनमधला एक आकडा लिहायचा होता. शून्य म्हणजे मुळीच नाही, तीन म्हणजे फारच. खाली बाईंची सही, तिच्याखाली वडिलांची, आणि मग पाकीट सू सिटीला.

"आणि गोळी घेऊन पोरगं गप्प बसलं," बाई म्हणाल्या, "तर त्यात तुझा व्हर्लिन किती उरला, त्रेना? गेल्या वर्षी पेपरात काय आलं होतं वाचलंस ना? शाळाशाळांतून मुलांना गोळ्या चारतायत. मास्तरांना शांतता हवी म्हणून."

"वाचलं."

"मग?"

"बाई, तुम्ही साडेतीनला घरी जाता," त्रेना म्हणाली. "तुम्हाला फक्त शाळेतला व्हर्लिन दिसतो. घरी संध्याकाळी तर त्या गोळीचा अंमलही उरणार नाही, म्हणजे आम्हाला काही कळायचं नाही. काय ते तुम्हालाच कळणार. डॉक्टर म्हणाले, बाईंच्या कागदावरच सगळं आहे."

बाईंनी कागद ठेवून घेतला. त्यांच्या मनात त्यांचा धाकटा भाऊ हेसेल होता. हेसेल असाच होता. मास्तरांनी त्याला टॉवेलनं खुर्चीला बांधून पाहिलं, उन्हात उभं करून पाहिलं, तेराव्या वर्षी त्यानं शाळेला रामराम ठोकला. आणि काय बिघडलं त्याचं? आज तो गुरांचा ट्रक घेऊन पार शिकागोपर्यंत जातो, गातो, खातो, चार पोरांचा बाप आहे. हेसेलला कुणी गोळी दिली असती तर तो कुठेतरी बँकेत कोमेजून बसला असता, असं बाई म्हणत. त्याला आलेली पत्रं त्याची बायको वाचून दाखवते, हे बाईंना माहीत होतं. पण ते त्या हिशेबात धरत नसत.

सोमवारी व्हर्लिननं पाकीट आणून दिलं. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी त्यातली एक गोळी तळहातावर घेतली. बारीक, पांढरी, नखाएवढीही नाही. समोर व्हर्लिन एका पायावर उभा होता, कारण दोन्ही पायांवर उभं राहणं त्याला जमायचं नाही. बाईंनी गोळी पाकिटात परत टाकली आणि पर्समधून पेपरमिंटची वडी काढली.

इथे बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आमच्या लोकांना नाही यायचं. आमच्या चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की प्रत्येक आई पर्स उघडते आणि बाकावरून पेपरमिंट पुढे सरकवते. प्रवचनाचे भाग तीन, वड्याही तीन. पोरं ती चघळत गप्प बसतात, बापही बसतात. आजोबा-पणजोबा हॉलंडहून येताना बायबलाबरोबर हीच युक्ती घेऊन आले. पोराला शांत बसवायला यापेक्षा जास्त काही लागतं, हे बाईंना पटतच नव्हतं.

"हे घे," त्या म्हणाल्या. "दुपारचं औषध हेच."

"हे तर पेपरमिंट आहे."

"मग नको का?"

त्यानं वडी तोंडात टाकली. "आईला सांगू?"

"नको सांगूस," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही मुलाला आईपासून काही लपवायला सांगितलं नव्हतं. दिवसभर त्यांना ते वाक्य टोचत राहिलं, पण मंगळवारी पुन्हा वडीच दिली.

पहिला आठवडा नेहमीसारखाच गेला. शुक्रवारी साडेतीनला बाईंनी कागद भरला, अगदी प्रामाणिकपणे. जागेवर बसत नाही, तीन. काम अर्धवट टाकतो, तीन. खोटं बोलतो, शून्य. रडतो, एक. पंधरा ओळींत तीन आला. आपल्यापाशी असावी म्हणून त्यांनी कार्बन लावून एक प्रत ठेवली आणि कागदाचं पाकीट व्हर्लिनच्या दप्तरात घातलं.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी वजाबाकीचं पान होतं, वीस गणितांचं. दहाच्या सुमारास बाईंनी मान वर केली तेव्हा व्हर्लिन जागेवर होता. सव्वादहाला पाहिलं, जागेवर. साडेदहाला तो उठला, बाईंच्या टेबलापाशी आला आणि पान ठेवलं. वीसच्या वीस सोडवलेली. दोन चुकली होती, पण हातचा घेतलेला कळत होता.

"झालं," तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.

"छान. आता बस जाऊन."

तो गेला आणि बसला. जेवणानंतर मात्र पुन्हा खिडकी, पेन्सिल, मार्शाची वेणी. बुधवारी तसंच, सकाळ शहाणी आणि दुपार वेडी. गुरुवारीही तेच. बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. सकाळी आईनं दिलेली गोळी पोटात असते आणि दुपारी आपली पेपरमिंट असते, हे त्यांना बुधवारीच उमगलं होतं.

म्हणून त्यांना गोळी पटली का? नाही. उलट त्या घाबरल्या. सकाळचा व्हर्लिन त्यांना वेगळा वाटायला लागला, शांत, थोडा उतरलेला, डबासुद्धा अर्धा टाकणारा. ही गोळी एकदा चालू झाली की अठरा वर्षांचा होईपर्यंत सुटायची नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. मी आहे ना, असं त्या स्वतःला म्हणाल्या. अशी किती पोरं मी वळणावर आणली. गोळीचा उपयोग नाही असं ठरलं की डॉक्टर गोळी बंद करतील आणि पोरगा माझ्याकडे राहील. मी बघते त्याच्याकडे.

शुक्रवारी त्यांनी कोरा कागद पुढ्यात घेतला, शेजारी कार्बनची प्रत ठेवली आणि अठ्ठावीस आकडे जसेच्या तसे उतरवले. पाच मिनिटांचं काम होतं. व्हर्लिन दाराशी दप्तर उघडं धरून उभा होता.

"बाई, मंगळवारचं पान लिहिलंत का त्यात?" त्यानं विचारलं.

"त्यात पानांचं नसतं लिहायचं."

"पण मी बसलो होतो."

"हो, बसला होतास. जा आता, बस चुकेल."

तिसरा आठवडा दुसऱ्यासारखाच गेला. बाईंनी पुन्हा प्रत शेजारी ठेवून आकडे उतरवले. चौथ्या आठवड्यात सकाळीही खिडकी परत आली. तेव्हा मात्र उतरवताना त्यांना बरं वाटलं, कारण या वेळी आकडे खरे होते. त्यांच्या खणातल्या पाकिटात तोवर वीस गोळ्या जमल्या होत्या.

दहा दिवसांनी डॉक्टरांचं पत्र आलं. त्रेनानं ते शाळेत आणून दाखवलं. चारही आठवड्यांच्या आकड्यांत काडीचाही फरक नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. गोळी लागू पडत नाही, तेव्हा ती बंद करावी. मुळात हा तो आजार नसावा. त्रेना रडली नाही. तिनं पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"मी सांगितलं होतं तुला," बाई म्हणाल्या. "आजार नाही त्याला."

"हो," त्रेना म्हणाली. "आता मंडळालाही तेच कळेल."

ती असं का म्हणाली हे बाईंच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवशी त्या हलक्या मनानं घरी गेल्या, वाटाण्याचं सूप केलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

मंडळाची बैठक थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सकाळी दहाला, शाळेच्या तळघरात होती. मंडळाचे पाच जण, आरेंड, त्रेना आणि बाई. कॉफीचं मोठं भांडं आणि बदामाची बिस्किटं. आरेंड धारा काढून, अंघोळ करून, रविवारचा कोट घालून आला होता. त्यानं बाईंना मान लववली.

कोइमाननं पत्र मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढला.

"डॉक्टरच म्हणतायत, आजार नाही," तो म्हणाला. "आजार असता तर आपण थांबलो असतो. आजाऱ्याला कोण बोल लावतं? पण आजार नाही म्हटल्यावर मागे काय उरतं? स्वभाव. आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आरेंड, मला हे आनंदानं सांगवत नाही. पण निवासी शाळेत जानेवारीपासून जागा आहे, मी फोन करून विचारलंय."

बाईंना वाटलं होतं, गोळी गेली की प्रश्न गेला. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

"बर्नार्ड, थांब," त्या म्हणाल्या. "पोरगा माझ्या वर्गात आहे. तो मला जड नाही. मी सांभाळते त्याला."

"बाई, तुमचं मन मोठं आहे," कोइमान म्हणाला. "पण आम्हाला बाकीच्या तेहतीस पोरांचंही बघायचंय. आणि हे आम्ही आमच्या मनानं म्हणत नाही. तुमचेच आकडे आहेत." त्यानं चार कागद टेबलावर ओळीनं मांडले. डॉक्टरांनी ते पत्रासोबत परत पाठवले होते. "दुसऱ्यांना शिकू देत नाही, तीन. पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी विचारलं असतं, बाबा, नीट पाहिलंस ना? तुम्हाला काय विचारायचं?"

त्रेना कॉफीच्या कपाकडे बघत होती. आरेंडनं हात पुढे करून बिस्कीट घेतलं आणि न खाताच बशीत ठेवलं. जानेवारीला सहा आठवडे उरले होते.

बाई उठल्या. जिना चढून वर्गात गेल्या, खण उघडला, पाकीट घेतलं आणि खाली आल्या. त्यांना साठावं लागलं होतं, जिना चढून उतरल्यावर दम लागला होता, पण त्या बसल्या नाहीत. पाकीट त्यांनी टेबलावर उलटं केलं. वीस गोळ्या कागदांवर घरंगळल्या.

"दुपारची गोळी मी त्याला एकदाही दिली नाही," त्या म्हणाल्या. "पेपरमिंट दिली. आणि हे कागद खोटे आहेत. पहिला आणि चौथा खरा आहे, मधले दोन मी पहिल्यावरून उतरवलेत. मधल्या दोन आठवड्यांत सकाळी तो बसत होता. वीस-वीस गणितं सोडवत होता. गोळी लागू पडत होती, मला दिसत होतं. मला ती नको होती, म्हणून मी लिहिलं नाही."

कोइमाननं एक गोळी उचलली, पाहिली आणि ठेवून दिली.

"बाई, असं का केलंत तुम्ही?" तो म्हणाला.

"मला वाटलं, मला जास्त कळतं."

"मी सोमवारी डॉक्टरांना फोन करते," त्रेना म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "त्यांना सगळं सांगते. पुन्हा चार आठवडे करू म्हणते."

"कर," कोइमान म्हणाला. "तोवर निवासी शाळेचं थांबवतो मी." मग बाईंकडे न बघता तो म्हणाला, "या वेळी दुपारची गोळी ऑफिसातून दिली जाईल. आणि कागद दुसरं कुणीतरी भरेल. वर्गात येऊन मागे बसेल कुणीतरी."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा शब्द आता गावात चालणार नव्हता, हे त्यांना कळलं. तरी पोरगा जात नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

आरेंडनं टेबलावरचा दुसऱ्या आठवड्याचा कागद ओढून घेतला. खाली त्याची सही होती, मोठी, तिसरीत बाईंनी गिरवून घेतलेली.

"बाई," तो म्हणाला, "ह्या आठवड्यात तो खरंच बसला होता?"

"हो, आरेंड. मंगळवारपासून रोज सकाळी."

"आणि पुढच्याही?"

"पुढच्याही."

आरेंडनं मान हलवली.

"त्या शुक्रवारी सही करायच्या आधी मी कागद वाचला," तो म्हणाला. "मागच्यासारखेच आकडे बघून मी त्याला गोठ्यात घेऊन गेलो. पट्टा काढला. पुढच्या शुक्रवारीही तेच. तो रडत सांगत होता, बाबा, मी बसलो होतो, बाईंना विचारा. दोन्ही वेळा म्हणाला, बाईंना विचारा. मी म्हटलं, बाईंना काय विचारायचं? बाईंनीच तर लिहिलंय."